विम्याचे साहेब आणि भरिताचा धूर

सोनगीर, मंगळवार

तीर्थस्वरूप नाना,

जीवरामचा भुसावळच्या दिशेने वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी वांगं बंद केलं असं तुमची बहीण सांगत होती. तो डॉक्टर खानदेशातला नसावा.) इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त आपली पतसंस्था अंथरुणाला खिळली आहे.

आपल्या भागात काही पतसंस्था बुडाल्यापासून लोक चेअरमन दिसला की आधी त्याच्या चपलांकडे बघतात, पळायच्या तयारीत आहे की काय म्हणून. म्हणून मी महासंघाच्या ठेव विमा योजनेत अर्ज केला. विमा मिळाला की संस्थेचं काही होवो, ठेवीदाराचा पैसा सुरक्षित. तपासणीला साहेब येणार असं कळलं, तेव्हा वाटलं, साहेबांना नुसती कपाटं काय दाखवायची, खुशीतले ठेवीदार दाखवू. शिपाई हिलालला म्हटलं, घरटी एक माणूस बोलाव, पासबुकासह, दुपारी भरीत-भाकरी आहे. हिलाल भला माणूस, पण बोलायचा कंटाळा. साहेब तपासायला येतोय, पासबुक घेऊन लवकर या, एवढंच दारोदार सांगून आला. (भरिताचं राहून गेलं.)

आता वांगी भाजायची तर कपाशीच्या काड्यांवरच. गॅसवरचं भरीत मी खात नाही, साहेबांना कसं घालणार? संस्थेच्या मागच्या अंगणात जाळ केला, तर मेल्या काड्या ओल्या निघाल्या. धूर पार हायवेवरून दिसत होता. तेवढ्यात पासबुकवाले पोचले. बघतात तर पुढे साहेबांची गाडी, मागे धूर, आणि मी काजळी लागलेल्या तोंडाने उभा. कोणीतरी ओरडलं, "चेअरमन बठ्ठा कागद जाळी ऱ्हायना!"

संस्थेचे सगळे कागद जाळतोय म्हटल्यावर जी झुंबड उडाली, विचारू नका. मी भाजलेलं वांगं हातात घेऊन रांगभर दाखवत फिरलो, कोणी बघेल तर शपथ. आमचे कॅशियर नेमीचंदशेठ मात्र शांतपणे तिजोरी उघडून मागेल त्याला देत सुटले. तिजोरी आटली तेव्हा शिरपूरच्या बँकेतली शिल्लक आणवली. एकही माणूस रिकाम्या हाताने गेला नाही. खरं सांगतो नाना, मला भरून आलं. मग सगळ्यांनी पैसे मांडीखाली दाबून भरीत खाल्लं आणि छान झालंय म्हणाले.

साहेबांनीही भाकरी मागून घेतली. हात धुता धुता म्हणाले, "चेअरमन, एवढी भक्कम संस्था मी पाहिली नाही. पण आता विमा कशाचा करू?" महिनाअखेर ठेवी परत आल्या तर अर्ज मंजूर, नाहीतर संस्थेला कुलूप. तेव्हापासून नेमीचंदशेठ रिकामी तिजोरी पुसत बसतात. बघवत नाही.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार.

तुमचाच,
जीवराम

ता. क. : कोणीतरी पहिलं यायला हवं. तुम्ही रेल्वेत गार्ड होता, लोक मानतात. बाजाराच्या दिवशी फेटा बांधून या आणि तुमची फंडाची रक्कम चहाच्या टपरीवरून दिसेल अशी, सावकाश मोजून ठेवा.

ता. क. : त्या दिवशी रांगेत पहिली तुमची बहीण होती. मला म्हणाली, "माणूस तुम्ही चांगले, पण चेअरमनचा काय भरवसा?"

ता. क. : हे पत्र तिच्याच हाती देतोय. पैसे स्टीलच्या डब्यात घालून ती तुमच्याकडच्या बँकेत ठेवायला निघाली आहे. चार दिवस माहेरपण करा आणि डब्यासकट परत पाठवा. तिचा चष्मा मी इथेच लपवला आहे. वाचून दाखवा म्हणाली, तर गुडघ्यापर्यंतच वाचा.