साडेसातशे वॅट आणि हिरवा दोरा

अप्पा,

तीन दिवस झाले, लिहीन लिहीन म्हणते आणि काहीतरी निमित्त काढून उठते. पहिल्या दिवशी पेन सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पेन सापडलं तर कागद नव्हता. कागद आणायला निघाले, तर राजवाड्याच्या पूर्वेच्या बोळात एक म्हातारा कुकरच्या शिट्या दुरुस्त करत बसला होता, त्याच्यापाशी दोन तास उभी राहिले आणि तशीच परत आले. आज कागद आयताच मिळाला. नव्या मिक्सीच्या डब्यात ते पुस्तक येतं ना, कशी वापरायची ते सांगणारं, त्याच्या शेवटी चार कोरी पानं असतात. कसाला असतात कोण जाणे. मिक्सी घेऊन माणसाने त्यावर काय लिहावं अशी त्यांची अपेक्षा असते? तर मी हे लिहितेय. म्हणजे नवी मिक्सी घेतली हे तुम्हांला कळलंच. डबा माझ्या खाटेखाली आहे, वर एक जुनी साडी टाकली आहे. आईला अजून ठाऊक नाही.

तुम्हांला ही लिपी वाचता यायची नाही, ते एक बरं. आपल्या घरी बोलणं मराठीत, दुकानाची पाटी तमिळमध्ये, पावती इंग्रजीत; मराठी लिहायची असते हेच मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यानंतर शाळा कशीबशी, कॉलेज एकच वर्ष, मग पाय जिकडे नेतील तिकडे. कोल्हापुरात सहा महिने एका खानावळीत कांदे चिरायला होते, तिथे समोरच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं शिकले. मी "एठे ठेवू का?" म्हटलं की तिथली माणसं हातातलं काम सोडून हसायची. एक बाई तर मला मुद्दाम बोलायला लावायची. असो. ज्याला वाचता येणार नाही त्याला लिहिताना हात मोकळा चालतो.

सांगायचं हे की घरची मिक्सी गेली. तुमची. जिची मोटार तुमच्या हातची म्हणून आई सांगते ती, पिवळ्या पडलेल्या अंगाची, डाव्या पायाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा असलेली. तुम्ही गेल्यापासून आईचं सगळं त्या मिक्सीवर चाललंय, सांबाराच्या मसाल्याची पोडी, डांगरचं पीठ, हळद. पिशव्या भरते आणि ओळखीच्या घरांत देते. या रविवारी पापनाशमला एका लग्नघरी पाच किलो सांबार पोडी आणि दोन किलो हळद द्यायची आहे. आजवर एवढं मोठं काम तिला कोणी दिलं नव्हतं. आणि सोमवारी सकाळी मिक्सीने धूर काढला. मी आईला म्हटलं, करंट कमीजास्त झाला असेल. गिरणीत दळून आणू का विचारलं तर म्हणाली, "गिरणीत दुसऱ्याच्या मिरचीचा वास लागतो, लग्नघरी ऐसं देऊ कैसं?" नवी घेऊ का विचारलं तर तोंड फिरवून म्हणाली, "कसाला नवी? ह्यात त्यांचा हात आहे." तिचं मनगट सुजलेलं. तरी उखळ पुसून ठेवलं होतं तिने.

तर मी मंगळवारी बाजारात गेले. महिनाभर तिरुवैयारुला केळीची पानं बांधायचं काम केलं होतं, त्याचे चार हजार जवळ होते. (पानं बांधण्यातही एक गंमत आहे. पान घडी करताना शीर मोडली तर गिऱ्हाईक घेत नाही, आणि शीर कुठे मोडेल ते पान उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही. पण ते राहू दे.) दुकानात एका ओळीत अकरा मिक्सी मांडलेल्या, लाल, जांभळ्या, एक तर मोरपंखी. दुकानदार अण्णा म्हणाला, "हे घे पाप्पा, घे पोरी, हजार वॅट! दगड टाकलास तरी पीठ करेल."

"दगडाचं पीठ तुमच्या घरी खातात वाटतं," मी म्हटलं आणि मिक्सी पालथी केली.

दुकानात मोटारी दुरुस्त करताना तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगायचात. मिक्सी वरून बघू नका, वरून सगळ्या नवऱ्या मुलीच. पालथी करा. हवा जायला भोकं किती आहेत ते बघा, जास्त भार आला तर बंद करणारं तांबडं बटण आहे का बघा, स्क्रू साधे आहेत का बघा. त्या मोरपंखीला तीन कोपऱ्यांचे स्क्रू होते, म्हणजे बनवणाऱ्याशिवाय कोणी उघडूच नये अशी सोय. हजारवालीच्या पोटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबवा. मग त्या हजारांचा उपयोग काय, पळणारा बैल दर मैलाला झोपणार असेल तर? आणि तुमचा शेवटचा नियम मला शब्दाला शब्द आठवतो: ज्या मिक्सीचा कपलर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, तीच मिक्सी घ्यावी. कपलर म्हणजे भांडं मोटारीला जोडणारी ती रबरी चकती, आज ना उद्या तुटणारच.

मी पिशवीतून सुक्या हळदीची कांडी काढली. घरून कुटून तुकडे करून नेली होती, तुम्ही शिकवलं होतं तशी. अण्णा म्हणाला, "अय्यो, पूजेला आलीस काय?" मी म्हटलं, दाखवायला ठेवलेल्या तीन मिक्सी आहेत ना, त्यांत टाका. पाचशेवाली रडायला लागली आणि तांबडं बटण पडून गप्प झाली. हजारवालीने हळद गिळली खरी, पण टेबलावरून चालत निघाली, अण्णाने दोन्ही हातांनी धरून ठेवली. साडेसातशेवाली दिसायला अगदी साधी, पांढरी, जणू इस्पितळातली. तिने वेळ घेतला, पण आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एक. मग मी तुमचा लांब स्क्रूड्रायवर काढला, लाकडी मुठीचा, नवव्या वाढदिवसाला तुम्ही मला दिलेला. बाकीच्या मुलींना पैंजण मिळाले होते त्या वर्षी. टोक मिक्सीच्या अंगाला लावलं, मूठ कानाला, आत कुठे घासतंय ते तुम्ही ऐकायचात तशी. दुकानातल्या दोन बायका एकमेकींना ढोसून हसत होत्या. अण्णा मात्र हसला नाही. म्हणाला, "ऐसं कानाला लावणारा एकच माणूस होता या गावात. तू त्याची मुलगी?"

स्क्रूड्रायवर म्हटला की मला तुमचं दुकान दिसतं. मी बाकाखाली बसलेय, वॉर्निशचा वास येतोय, तुम्ही मोटारीचं आर्मेचर हातात घेऊन त्यावर तार गुंडाळताय आणि ओठ हलताहेत, वेढे मोजताय. मधे कोणी बोललं तर पहिल्यापासून. मी एकदा मधे बोलले होते. पण तुम्ही खरे रागावलात ते कपलरवरून. आईचा कपलर सारखा तुटायचा. मी दहा वर्षांची, मला वाटलं आपण हुशार, भंगारातून एक लोखंडी कपलर काढून घरच्या मिक्सीला बसवला. संध्याकाळी तुम्ही बघितलात. मारलं नाहीत. तो काढून माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "रबर कसाला असतं? मोटार अडकली तर आधी तुटावं म्हणून. चार आण्यांचं तुटतं म्हणून मोठं वाचतं. जे तुटायला केलंय ते तुटू दे." दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

अप्पा, मी गेल्या महिन्यात तेच केलं. आईचा कपलर पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तुटला, मी तिरुवैयारुहून येताना लोखंडी घेऊन आले. बसवला. आईला म्हटलं, अत्तां बघ, जन्मात तुटणार नाही. तुटला नाहीच. हळदीची कांडी पात्याखाली अडकली, कपलर अढळ, आणि मोटार जळली. करंटबिरंट काही नव्हतं. तुमचं शिकवलेलं सगळं मला पाठ आहे, त्यातलं एकच विसरले आणि नेमकं तेच. धूर निघाला तेव्हा आई हात पुसत उभी होती, आणि मी कपलर हळूच काढून मुठीत लपवला.

त्या दुपारी मागच्या अंगणात बसून मी मोटार उघडली. मला बघायचं होतं, तुमचा हात आत कसा दिसतो ते. तुम्ही सांगायचात ना, वाइंडिंग करणारा शेवटी दोऱ्याने बांधतो, तीच त्याची सही. तुमचा दोरा पांढरा. समोरच्या मामांचा हिरवा. तुम्ही दोघं एका बाकावर काम करत होतात तेव्हापासूनची ती खूण, काम परत आलं तर कोणाचं ते कळावं म्हणून. जळालेल्या वॉर्निशचा काळा थर मी नखाने खरवडला आणि आत दोरा हिरवा होता. गाठीवर गाठ, प्रत्येक गाठ हिरवी. मी मोटार खाली ठेवली, पाणी प्याले, परत बघितलं. हिरवीच.

समोरचे मामा! ज्यांनी स्वस्तातल्या कामांना ॲल्युमिनियमची तार वापरायला घेतली म्हणून तुम्ही बाक वेगळा केलात, रस्त्याच्या त्या बाजूला ते आणि या बाजूला आपण. कॉफीच्या दुकानात ते बसलेले दिसले की तुम्ही कॉफी न पिता परत फिरायचात. मग आपल्या घरच्या मिक्सीत त्यांची गाठ आली कुठून? मी ब्लेड आणून तार खरवडली. ॲल्युमिनियम आत पांढरं निघतं. ही लाल निघाली. अस्सल तांबं, जाड, वेढे दातांसारखे ओळीत. तुमच्या शेवटच्या वर्षी तुमचे हात कापायचे, कॉफीच्या डबऱ्यात, त्या खोलगट वाटीत, टंबलर वाजायचा, हे मला आठवतं. तेव्हा झालं का हे? कोणी नेली त्यांच्याकडे? आईला माहीत असेल तर ती "त्यांचा हात" कशी म्हणते? आणि माहीत नसेल तर मी सांगू का? एक मोटार मी जाळलीच आहे, वर हेही काढून घेऊ तिच्याकडून?

पैसे देताना मी अण्णाला सहज विचारल्यासारखं विचारलं, गावात हिरवा दोरा अजून कोण बांधतं. त्याचा पावती लिहिणारा हात थांबला. म्हणाला, "बांधतात की. रोज दुकान उघडतात, काम नसलं तरी. तू समोर राहतेस आणि मला विचारतेस?" खरंच की. मी इतकी गावं हिंडले, कुठलं दार मी वाजवलं नाही? पण तो बारा पावलांचा रस्ता तुमच्यामुळे मी कधी ओलांडला नाही. तुम्ही ओलांडला होतात का, अप्पा?

थांबा. बाहेर कोणी

लिहायचं राहिलं मधेच. दार वाजलं, आई उठली, मी दाराच्या फटीतून बघतेय आणि गुडघ्यावर पान धरून लिहितेय, अक्षर वाकडं येईल. समोरचे मामा आलेत. केस सगळे पांढरे, डोळ्याला काळा चष्मा, हातात पिशवी, पिशवीतून तांब्याच्या तारेचं रीळ दिसतंय. आईने डोक्यावर पदरही नीट केला नाही, म्हणतेय, "सोमवारी निरोप धाडला, अत्तां आलांत?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरचे सोडेनात."

"गाठ दिसेल का मग?"

"गाठ बोटाने बांधतात, वहिनी." पिशवी खाली ठेवत म्हणाले, "ही मोटार मजकडं द्याल ऐसं वाटलं नव्हतं."

"मागल्या वेळीं ह्यांनी स्वतः उचलून तुमच्या बाकावर आणून ठेवली. हात कापत होते, वाटेत दोनदा खाली ठेवली. मी दारातून बघत होते. आज ती दुसऱ्याकडं देऊ कैसं?"

अप्पा. म्हणजे आई म्हणते तो तुमचा हात हा, उचलून नेणारा.

आई मला हाक मारतेय. "पोरी, मोटार आण. तुझ्या उशाखालचं ते लोखंडाचं कपलरही आण, मामांना दाखव काय केलंस ते. आणि खाटेखालचं डब्बं बाहेर काढ, लग्नाची हळद काय मी हाताने कुटू? वरची साडी माझी आहे, दोन दिवस शोधतेय." मामा हसताहेत. आणि आता विचारताहेत, "त्याचा तो लांब स्क्रूड्रायवर आहे ना अजून?"

आहे. नेऊन देते. पण आधी तुम्हांला एक सांगते, तुम्ही वाचणार नाही म्हणून. नऊ वर्षांची असताना तुम्ही मूठ माझ्या कानाला लावून विचारलं होतंत, ऐकू येतं का, मोटारीतलं बुश कुठे घासतंय ते, आणि मी हो म्हटलं होतं. परवा दुकानातही मान हलवली. मला कधीच काही ऐकू आलेलं नाही, अप्पा. नुसतं घूंऽ. मामांना विचारते, नक्की काय ऐकायचं असतं.