पेटी की सॅक

४ डिसेंबर
कर्जतचं लग्न झालं. स्टुडिओ माझा, ड्रोन मी विकत घेतलेला — आणि नवरीचे वडील आभार मानतात सविताचे! 'वहिनी, लई भारी उडवता तुमी.' मी शेजारीच उभा. बायकोचं कौतुक ऐकून बरं वाटायला हवं. नाही वाटलं.

७ डिसेंबर
ड्रोनची जुनी पिशवी फाटली. सविता म्हणते सॅक घेऊ. गाडीवर मागं बसलं की पाठीला राहते, हात मोकळे, उंचावरून उडवायला पाण्याच्या टाकीवरसुद्धा चढता येतं. मी म्हणालो, पेटीच घ्यायची. कडक असते, आत फोम, गाडीवरून पडली तरी ड्रोनला धक्का नाही.
तेही खरंच. पण इथं खोटं कशाला लिहू — सॅक तिच्या पाठीवर जाईल. पेटी माझ्या हातात राहील.

१२ डिसेंबर
पेटी आली. काळी, चांगलीच जड.

१९ डिसेंबर
दुपारी शेजारचा बजरंग धापा टाकत स्टुडिओत आला. त्याची आई रंगुबाई सकाळपासून घरात नव्हती. म्हातारीला हल्ली काही आठवत नाही. कुणीतरी तिला उसाकडं जाताना पाहिलं होतं.
आम्ही तिघं निघालो. बांधापर्यंत गाडी गेली, पुढं पाटाचं पाणी सुटलेलं, गुडघाभर चिखल. पेटी घेऊन मी दोनदा घसरलो. सवितानं पेटी उघडली, ड्रोन ओढणीत गुंडाळून छातीशी बांधला आणि चालू लागली. मी रिकामी पेटी धरून मागं.
ड्रोन वर गेल्यावर रिमोटच्या स्क्रीनवर तिला उसात लाल लुगडं दिसलं. म्हातारी सरीत बसलेली — जिवंत! बजरंग सविताच्या पाया पडला.
आणि मी? माझ्या मनात आलं, रिमोट माझ्या हातात असता तर लोक माझ्या पाया पडले असते. शी.

२० डिसेंबर
सॅक मागवली. तिला सांगितलं नाही.

२६ डिसेंबर
सॅक आली. सविताच्या हातात दिली. तिनं ती मांडीवर ठेवली, पाठीला लावून बघितली नाही. म्हणाली, साखर कारखान्यातून फोन आला होता. उसाच्या पाहणीचं काम, रोजचं. ड्रोन त्यांचाच.
"जाऊ का?"
"मग आपला कोण उडवणार?"
"तुम्ही."
शेवटी सांगून टाकलं, "मला भीती वाटते गं." ड्रोन घेतला त्या पहिल्याच दिवशी माझ्या हातून ड्रोन विजेच्या तारांकडं गेला होता. त्यानंतर मी रिमोट धरलेला नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, पण माझी ही भीती तिला आज कळली. ती हसली नाही.

२८ डिसेंबर
सकाळी मोकळ्या रानात गेलो. सॅक माझ्या पाठीवर. ड्रोन कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत वर गेला. सविता मागं उभी होती, तिनं रिमोटला हात लावला नाही. उद्यापासून ती कारखान्यात.