साधी गाठ

बुधवार, संध्याकाळ. अमरावती.

"कॅन्सर नाही, साधी गाठ आहे. पण डोकं दुखून उलट्या झाल्या तर लगेच घेऊन या," असं डॉक्टरांनी सुनंदाच्या नवऱ्याला माझ्यासमोर सांगितलं होतं. दिलीपरावांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. गावी तिवशाला जाऊन घरोघरी पेढे वाटले.

माझी धाकटी बहीण. शेवंती तोडायला वाकली की डोकं फुटायचं तिचं. परवा सकाळपासून उलट्या. मी फोनवर ओरडले, "दिलीपराव, आत्ता निघा!"

"ताई, साधी गाठ हाय. तुमी काहून घाबरून राहिल्या? फुलं बाजारात टाकून येतो, मंग पाहू."

ते फुलं टाकून आले तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती.

साधी! त्या गाठीनं मेंदूतल्या पाण्याची वाट अडवली, पाणी तुंबलं, डोळ्यांच्या नसा दबल्या. ऑपरेशन झालं, जीव वाचला. नजर परत येण्याची आशा धरू नका, असं डॉक्टर आज म्हणाले. गाठ साधीच होती, हेही म्हणाले. मग वाईट कशाला म्हणायचं?

दुपारी ती शुद्धीवर आली. खिडकीतलं ऊन थेट तिच्या तोंडावर. माझा हात चाचपत म्हणाली, "ताई, लाइट गेली काय वं?"

दिलीपराव पुढे झाले. "हो, गेली. येईल आता."

किती सहज बोलला हा माणूस! आणि तिनं विश्वासानं डोळे मिटून घेतले.