तोरवरून उठायचं नाही

१४ एप्रिल

आणि म्हणे मीच हट्टी! सकाळी फोनवर पुन्हा तेच. बाबा म्हणाले, "तूच म्हणालास बसा, आता तूच म्हणतोस चाला. आधी काय ते ठरव." आणि ठेवला फोन!

म्हणालो होतो, खरंय. दोन वर्षांपूर्वी, मॉस्कोला कामाला निघताना. दारापासून सगळ्यात लांब, तोरवर – आम्हा किर्गिझांच्या घरातल्या मानाच्या जागेवर – त्यांना बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "बाबा, आता इथून उठायचं नाही. मेंढ्यांचं मी बघतो." मी म्हणजे माझे पैसे. मेंढ्यांमागे कालमुरात हा गडी ठेवला, महिना पंधरा हजार सोम. बाबांचा घोडा विकून, वर भर घालून त्यांना गाडी घेतली. गाव म्हणालं, मुलगा असावा तर असा! छाती फुगली होती माझी.

आता नारिन शहरातला डॉक्टर म्हणतो – साखर, रक्तदाब, पायाची बोटं बधिर. "असेच बसून राहिले तर पाय जाईल."

१५ एप्रिल

गोदामात आज माझी ३१,२०० पावलं. बाबांची २१४. बहीण बेगिमाय त्यांच्या खिशातल्या फोनवर बघून कळवते.

खोलीतला सुयुन म्हणाला, "रोज एवढी पार्सलं भरतोस, एकात तुझे पाय भर, पाठव बापाला!"

हसलो. मग पुन्हा फोन बघितला.

२ मे

औषधं नऊ हजार. मी पाठवतो तीस. त्यातले पंधरा बाबांना बसवून ठेवायला, नऊ बसून जे झालं त्याला. वा रे अक्कल! माझीच.

११ मे

म्हटलं, निदान मशिदीपर्यंत तरी पायी जा. तर म्हणे, "गाडी दारात, आणि मी रस्त्याने पायी? आधीच घोडा नाही. लोक म्हणतील, पोराने, झानारने पैसे बंद केले."

मशीद तीनशे पावलांवर. गाडीने जातात!

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पैसे बंद केले.

१९ मे

खोटं बोललो, बाबांनी मेंढ्यांमागे स्वतः जावं म्हणून. "बाबा, पगार अर्धा झाला. औषधाचं भागेल. कालमुरातला द्यायला नाहीत."

मला वाटलं, चिडतील. तर एवढंच – "जेवतोस ना रे?"

२३ मे

बाबांची पावलं : १८०. ९५. ११०.

बेगिमाय रडत होती. "दादा, बाबा गोळी अर्धी मोडून घेतायत. म्हणतात, पोराला जड जातंय."

अल्ला! हे काय करून बसलो! खरं सांगावं तर पुन्हा तोर. न सांगावं तर अर्धी गोळी. आज दोन ट्रॉल्या चुकीच्या भरल्या, मुकादम आईवरून बोलला. ऐकूच आलं नाही मला.

२४ मे

नाही सांगितलं. औषधवाल्या बाईंना थेट नऊ हजार पाठवले. बाबांनी गोळ्या परत आणल्या तर घेऊ नका म्हटलं. बाबांना म्हणालो, "तुम्ही गोळी मोडलीत तर मी इथे अर्धी भाकरी खाईन."

"बापाला धमकी देतोस?"

"हो."

"बरं," म्हणाले. राग की काय, कळलं नाही.

२९ मे

दोन दिवस बाबांचा फोन लागत नाही. बेगिमायचाही नाही. गोदामात चालतो, खोलीत चालतो. सुयुन म्हणतो, "बस जरा, जमीन झिजेल." कसा बसू? बसण्याचीच तर भीती वाटते.

१ जून

बेगिमायचा निरोप. "दादा, कालमुरात काम सोडून गेला. तोर रिकामा आहे. बाबा पाच दिवस काठी घेऊन मेंढ्यांमागे वर कुरणावरच आहेत, फोन तिथे लागत नाही. मीही सोबत होते, आत्ता खाली आले. आज ९,४०६! गोळी अख्खी घेतात. तुला सांगू नको म्हणाले – पोराला लाज वाटेल."

पाठवले : तीसऐवजी पंधरा हजार सोम फक्त.