भारेवालीच्या रिकाम्या जागेबाबत

मी, महिपत रावजी सालेकर, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार कुडपण, तालुका पोलादपूर, हे स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहवून ठेवीत आहे. हात कापतो म्हणून अक्षर शेजारी गणू शेलार यांचे आहे. डोके माझेच आहे. कुणी 'म्हाताऱ्याला चळ लागला होता' म्हणेल, त्याने सोबतचा डॉक्टरांचा दाखला आधी वाचावा.

१. घर व खालची भातखाचरे मुलगा अनिल याला. वागला कसाही, त्याच्या लेकरांना मी उघड्यावर टाकणार नाही.

२. बँकेतली शिल्लक मुलगी सलोनी हिला. तिने कधी मागितली नाही, म्हणूनच.

३. रंग व ब्रश महाडच्या माझ्या शाळेला. माझा विद्यार्थी ओंकार याला त्यातला एक केसही देऊ नये. कारण पुढे येतेच.

४. कुडपणच्या उताराचे मोठे तैलचित्र. त्यात माझी पत्नी चंद्रभागा गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरत होती. काढताना म्हणाली, "अवो, तोंड ऱ्हाऊ द्या, भारा नीट काढा. सुटला तर गुरांना काय घालू?" पुढे त्याच उतारावर गवताला गेली असता दरड आली. देह मिळाला नाही. तेव्हापासून हे चित्र हीच तिची जागा, असे मी मानत आलो.

पठारावर बंगला बांधलेले एक साहेब चित्र मागायला आले. "व्ह्यू झकास आहे, फक्त ती भारेवाली काढा. हॉलमध्ये गरिबी बरी दिसत नाही." अरे, तुझा व्ह्यू राखला कुणी? मी हाकलून दिले. पण मी इस्पितळात पडलो असताना अनिलने ओंकारकडून तिच्यावर आंब्याचे झाड रंगवून घेतले. जन्मदात्या आईवर! मी घरी आलो आणि त्याने साहेबाशी केलेला सौदा मोडला.

सलोनी म्हणाली, "बाबा, झाड काढायला जाणत्या माणसाला देऊ, तुमचा हात कापतोय." मला धीर कुठला! टर्पेंटाइन आणि सुरी घेऊन बसलो. झाड निघाले. खालून तिचा पदर दिसला, भारा धरलेला हात दिसला. मी पुसत राहिलो आणि त्यापाठोपाठ तीही निघाली. मी रडलो, हे लिहायला गणू तयार नव्हता. मी लिहायला लावले.

चित्र सलोनीला द्यावे. विकू नये. ती खरवडलेली जागा कुणीही भरू नये, झाडाने नाही, गवताने नाही, फोटो बघून काढलेल्या बाईनेही नाही. घरी येणारा विचारेल, इथे काय होते? त्याला पूर्ण नाव सांगावे: चंद्रभागा महिपत सालेकर. गवताला गेली होती.

महिपत रावजी सालेकर (सही, कापरी असली तरी माझीच)

आमच्यासमक्ष सही केली:
१. गणू सोनबा शेलार, कुडपण
२. श्रुतिका दगडू उतेकर, पोलादपूर

पोलादपूर, ११ डिसेंबर २०२३