हजार वॅटचा सप्लाय आणि तांब्याभर पाणी

८ मार्च, शनिवार

आज पुन्हा बंद पडला. हत्तीने दोन पावलं टाकली आणि पडदा काळा.

हत्ती म्हणजे हर्षिताचं काम. नोकरी सोडल्यापासून तिने स्वतः मिळवलेलं पहिलं. मुलांच्या गोष्टीसाठी चौदा सेकंदांचा चालता हत्ती. त्याच्या कातडीची एकेक सुरकुती कॉम्प्युटर रंगवत बसतो, तेव्हा नवं ग्राफिक्स कार्ड भरमसाट वीज ओढतं. आत वीज पुरवणारा सप्लाय जुना, साडेचारशे वॅटचा. दमतो आणि सुटतो.

ती म्हणाली, "अप्पा, बाकी सगळं मी निवडलं. सप्लाय तुम्ही निवडा. वीज तुमचं खातं."

बरं वाटलं. पण लगेच पुढे म्हणाली, "चोवीस तारखेला हत्ती द्यायचाय. घरी जमलं नाही तर मशीन घेऊन शिल्पाश्रीकडे जाते, जयनगरला. तिच्याकडे एक खोली रिकामी आहे."

"काम होईपर्यंत ना?"

"बघू."

हे 'बघू' दिवसभर कानात आहे. मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीत गेलेली मुलगी हत्ती झाल्यावर परत येईलच असं काही नाही.

९ मार्च, रविवार

पूजा झाल्यावर पाटी घेतल्यासारखा कागद घेऊन बसलो. कार्ड तीनशे वीस वॅट, प्रोसेसर सव्वाशे, पंखे आणि बाकीचं मिळून साठ. पाचशेच्या थोडं वर. पण कार्ड क्षणभर दीडपट ओढतं म्हणे, पाण्याची मोटर सुरू होताना ओढते तसं. म्हणजे साडेसातशे हवा. साडेआठशे असला तर निर्धास्त. हजार?

वायरिंग करताना मी कायम एक नंबर जाड वायर टाकत आलो. लोक हसायचे. पण माझी वायर तापली असं कुणी म्हटलेलं नाही.

अनुसूया डाळ निवडता निवडता म्हणाली, "लग्नाला मुलगी बघताना इतकं बघितलं नव्हतं तुम्ही."

१० मार्च, सोमवार. एकादशी

जयनगरला वेणुगोपालच्या दुकानात गेलो. चांगला माणूस. माझ्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली, कुठे कंटाळला नाही. डब्यावर 'गोल्ड' लिहिलेलं होतं. विचारलं, यात सोनं कुठे? म्हणाला, "सोनं डब्यावरच, सार. वीज वाया कमी जाते, तापतो कमी, एवढाच अर्थ."

मी हजारवर बोट ठेवलं.

"सार, साडेसातशे पुरे. हजार घेऊन काय पिठाची गिरणी घालणार?"

"थोडा वाव असावा."

"वाव ठेवा की. मैदान कशाला?"

तरी हजारच घेतला. बसमध्ये डबा मांडीवर होता. मनात येत होतं, हजारवाला काही हजार खात नाही. समोरचा मागेल तेवढंच देतो, उरलेलं हातचं राखून असतो. असं असावं माणसाने. उपास असल्यामुळे असेल, हे फार मोठं वाटलं. आता लिहिताना तेवढं वाटत नाही.

११ मार्च

बसवला. हत्ती चालला! चौदाही सेकंद. शेवटचं रंगकाम अजून राहिलंय म्हणे.

१३ मार्च, गुरुवार

हर्षिता सकाळी म्हणाली, "अप्पा, कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात."

मी कॉम्प्युटरच्या त्या पत्र्याच्या डब्याच्या मागच्या स्क्रूला उलटं बोट लावून पाहिलं. खरंच. बारीक, भुणभुण केल्यासारखं.

"पायात रबरी चप्पल घालून बस," असं बोलून गेलो.

अनुसूयेने पोळी लाटता लाटता सांगितलं, "वॉशिंग मशीनला पण स्वल्प तसंच होतं. दोन वर्षं झाली सांगते."

"हात ओले असतात तुझे."

तिने पोळी तव्यावर टाकली.

सप्लायच खराब निघाला असणार. मोठ्याचा हव्यास केला, देवाने दाखवलं.

१४ मार्च

परत वेणुगोपालकडे. त्याने डबा उघडलाही नाही. म्हणाला, "सार, कुठलाही सप्लाय थोडी वीज कॅबिनेटवर सोडतोच. ती अर्थच्या वायरीने जमिनीत जायची. वाट बंद असली की हातातून जाते. घरचं अर्थिंग बघितलंत का?"

मला राग आला. गावच्या मराठी शाळेतून दहावी करून मामाच्या दुकानात आलो, तेव्हापासून एकतीस वर्षं या कानडी शहरात वायरिंग करतो आहे. बसवनगुडीतल्या किती देवळांचं, किती घरांचं अर्थिंग माझ्या हातचं आहे. माझ्या घरचा खड्डा तर मी एकट्याने खणला, आठ फूट. हे सगळं त्याला ऐकवलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं.

तो म्हणाला, "सरी सार, बरं. चुकलं माझं." आणि दुसऱ्या कंपनीचा साडेआठशेचा काढून दिला.

१५ मार्च

साडेआठशेलाही मुंग्या. तेवढ्याच.

१७ मार्च, सोमवार

जपात मन नाही. माळ कुठपर्यंत आली तेच कळत नव्हतं, दोनदा मेरुमणी ओलांडला.

हर्षिताने माळ्यावरची बॅग काढली. भांडली असती तर सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाली, "कार्डात कधी झटका गेला तर काम गेलं, अप्पा. मी हातमोजे घालून हत्ती करू का? शनिवारी नेते मशीन."

"मी तिसरा सप्लाय बघतो ना. हजारवाल्यातच दुसरा—"

"आई दोन वर्षं सांगतेय, तर तिचे हात ओले. मी एकदा सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी नवा सप्लाय आला. अप्पा, सप्लायचं काही नाहीये."

हे बोलताना तिच्या पायात रबरी चप्पल होती.

१९ मार्च, बुधवार

आज कामावर गेलो नाही. हत्यारांच्या पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकलं की मी पहिल्यांदा हाच काढतो. घरी मुंग्या येऊन सहा दिवस झाले तरी काढला नव्हता. का, ते मला ठाऊक आहे.

दिव्याचं एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला: लख्ख. तेच दुसरं टोक अर्थला: विझत्या निखाऱ्यासारखा लाल. म्हणजे जमिनीची वाट जवळजवळ बंद. स्वयंपाकघरात तेच, न्हाणीघरात तेच.

मागच्या दारी गेलो. नळाजवळ कुंड्यांच्या मागे खड्ड्याचं झाकण आहे. ते उचललं. आत कोरडं ठणठणीत. मिठाचा पांढरा थर भेगाळलेला. मातीने पाइप सोडलेला, बोटाने हलत होता.

जे झालं ते लिहितो. नाहीतर उद्या मीच त्याला दुसरं काही नाव देईन.

वीस वर्षांपूर्वी हा खड्डा भरला, कोळसा-मीठ, कोळसा-मीठ, मधे पाइप. जमीन ओली राहिली तरच अर्थिंग जिवंत. रोज तांब्याभर पाणी हवं. अनुसूया तेव्हा नवी, हर्षिता मांडीवर. म्हटलं, ही विसरेल. म्हणून सांगितलं, "इथे या घराचा जागेवाला आहे. त्याला रोज पाणी घालायचं." आमच्या गावी प्रत्येक जागेला असा राखणदार असतो, ती भीती मला तयारच सापडली. तिने हात जोडले. रोज तांब्या, शुक्रवारी हळद-कुंकू, कधी एखादं जास्वंद. आयुधपूजेला माझ्या पक्कड-हातोडीआधी त्याची पूजा. सतरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. ती माहेरी गेली की शेजारच्या सकवारबाईंना सांगून जायची.

मग तीन वर्षांपूर्वी मठात एका बुवांचं प्रवचन ऐकलं, देवाच्या नावाने खोटं बोलू नये असं. आठ दिवस झोप लागली नाही. शेवटी सांगून टाकलं, "तो देव नाही, लोखंडाचा पाइप आहे. मी खोटं बोललो. आता नको घालूस पाणी."

"सरी," म्हणाली आणि तांब्या जागेवर ठेवला.

मला किती हलकं वाटलं होतं! त्या दिवशी दोन माळा जास्त केल्या. पाइपाला पाणी कोण घालणार, हा विचार शिवलादेखील नाही. वायरमनला.

२१ मार्च, शुक्रवार

कालपासून खणतो आहे. खांदे बोलतात. नवा पाइप, नवी वायर, दोन गोणी कोळसा, एक गोणी मीठ. हर्षिता मधे दोनदा येऊन बघून गेली, दुसऱ्यांदा ताक ठेवून गेली. चार बादल्या पाणी ओतलं. जमीन बराच वेळ पीत राहिली.

संध्याकाळी टेस्ट लॅम्प लावला. फेज-न्यूट्रल लख्ख, फेज-अर्थ लख्ख.

हर्षिताने चप्पल काढली. गार फरशीवर उभी राहून पूर्ण तळहात कॅबिनेटवर ठेवला.

"काही नाही," म्हणाली.

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "आई, तुझी मशीन बघ."

अनुसूयेने ओला हात पदराला न पुसता वॉशिंग मशीनवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

बॅगेचं मी विचारलं नाही.

२२ मार्च, शनिवार

सकाळी वेणुगोपालच्या दुकानात जाऊन चूक कबूल केली. तीच दोन गिऱ्हाइकं असती तर बरं झालं असतं. त्याने कॉफी मागवली. "साडेआठशे राहू दे ना सार? की मैदान हवंय?" राहू दे म्हटलं.

घरी आलो तर बॅग माळ्यावर. हत्ती सलग पाच तास रंगतो आहे. हर्षिता अनवाणी.

२३ मार्च, रविवार

सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेलो. माझ्याआधी जमीन ओली होती. पाइपावर हळद-कुंकू.

अनुसूया कपडे वाळत घालत होती. म्हटलं, "अगं, तुला सांगितलं होतं ना, तो देव नाही."

ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मिठाची गोणी मीच नव्हती का धरली? बायकोला पाणी घाल म्हणून सरळ सांगता येईना, म्हणून तुम्ही देव आणलात. तुमची लाज राखली, आणि काय. नको म्हणालात, तेव्हा म्हटलं, आता सरळ मागतील."

तीन वर्षं ती माझ्या मागण्याची वाट बघत होती.

मी तांब्या खाली ठेवला आणि मागितलं.