निळ्या गाडीला नाही म्हणू नकोस

चिमणे,

शोरूमला फोन करायच्या आधी हे वाच. मी आत जपाला बसले आहे.

मला निळी गाडी आवडली नाही असं समजून तू आज तिला नकार कळवणार, असं बाबा म्हणाले. अगं, काल सकाळी मी तिथे गप्प होते ती माझ्या मौनामुळे! गाडी डोक्यात शिरली की तू आईचं व्रतही विसरतेस. तो विक्रेता बिचारा "काकू, आमच्या कंपनीची ही सगळ्यात लहान, पण थाट तोच" म्हणून घसा कोरडा करत होता आणि मी नुसती मान हलवत होते.

तिथली दुसरी, पांढरी गाडी देखणी आहे, पण इतकी बुटकी की उतरताना माझे गुडघे देवाचा धावा करतात. निळीत मी खुर्चीत बसावं तशी बसले. तू आणि तो विक्रेता बाहेर बोलत होतात तेव्हा मी कुठलंसं बटण दाबलं, तर छप्पर सरकून डोक्यावर आभाळच आलं. तोंडातून "अगं बाई!" निघून गेलं. व्रत मोडलं, म्हणून आज संध्याकाळपर्यंत मौन वाढवलं आहे.

बाबा म्हणतात, दातांच्या डॉक्टरणीला एवढी ऐट कशाला. त्यांच्याकडे मी बघते, मौन सुटल्यावर. तुझ्या कमाईची पहिली गाडी आहे, तुझा जीव जिच्यावर आहे तीच घे.

दूध तापवलं आहे, पिऊन जा.

संध्याकाळी बोलायचं पहिलं वाक्य मी आत्ताच ठरवून ठेवलं आहे: मागची खिडकीजवळची जागा माझी.

आई